जांभळ्या शाईची वही

सोजराबाई हिंगोलीहून माहेरी आली त्याला चार दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत तिचे वडील भिवाजी तिच्याकडे बघून एकदाच हसले होते. तेही अर्ध्याच तोंडानं. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेल्याला दोन वर्षं झाली होती. ज्या माणसाचं गाणं ऐकायला कळमनुरीपासून वसमतपर्यंतच्या वस्त्या जाग्या बसायच्या, त्याच्या तोंडून आता नुसते हुंकार निघत. आखाडा बाळापूरच्या त्या घरापुढं तुराट्यांचा मांडव घातलेला होता. त्याखाली बाजेवर ते दिवसभर पडून असत आणि ऊन सरकेल तशी त्यांची सून मिराबाई बाज सरकवत राही.

वैशाख नुकताच लागला होता. सकाळी नवाच्या पुढं उघड्या पायानं अंगणात उतरायची सोय नव्हती. शेतात काम नाही, शाळेला सुट्ट्या. मग दरवर्षीसारखा घरात टोपल्यांचा घाट घातला होता. भाऊ हरिचंद गावातल्याच शाळेवर मास्तर. त्यानं जुन्या उत्तरपत्रिकांचं पोतं आणून टाकलं होतं. हा कागद पाण्यात भिजवायचा, चांगला गळून मऊ झाला की मेथ्यांचं पीठ घालून उखळात कांडायचा आणि पालथ्या घागरीवर थापून वाळवायचा. वाळल्यावर घागर अलगद काढली की टोपली तयार. थापायचं काम सोजराची आई कमलबाई करी आणि रंगवायचं काम मिराकडं. गेरूच्या पट्ट्यांवर ती चुन्यानं अशी बारीक वेल काढायची की शेजारपाजारच्या बाया आपापली सुपं-टोपल्या घेऊन तिच्याकडं यायच्या. लहानपणी हे काम सोजरा आईसंगं करायची. आता तिच्या जागी मिरा बसलेली असते, हे तिला दर खेपेला थोडं टोचायचं. तसं तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

यंदा सोजरा नुसती पाहुणी म्हणून आली नव्हती. तिचा नवरा रामजी हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनावर कामाला. त्यानं आणि त्याच्या गाणाऱ्या मंडळींनी मिळून भिवाजींच्या गाण्यांचं पुस्तक छापायचं ठरवलं होतं. बुद्धपुनवेला पुस्तक लोकांच्या हातात पडायचं होतं. गाणी सगळी एकाच वहीत. जाड, कापडी पाठीची, जांभळ्या शाईनं लिहिलेली. भिवाजी पडल्यापासून ती वही त्यांच्या उशाखाली असे. ‘जाताना वही घेऊन जाईन’ हे सोजरानं आल्या दिवशीच सगळ्यांपुढं सांगितलं होतं. हरिचंदला आनंद झाला होता. कमलबाई काहीच बोलली नव्हती; पण ती तशी फार बोलणारी बाई कधीच नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी सोजरानं उशाखाली हात घातला, तर वही नव्हती.

आधी तिला वाटलं, सरकली असेल. तिनं गोधडी उचलली, बाजेखाली वाकून पाहिलं. मग घरात जाऊन ट्रंक उघडली, कोनाडा पाहिला, धान्याच्या कणगीमागं पाहिलं. हरिचंद आंघोळ करून आला तेव्हा ती घामानं निथळत होती.

“हरिचंद, बाबांची वही कुठंय?”

“कुठं म्हंजी? उशाखाली.”

“न्हाई तिथं.”

मग दोघांनी मिळून घर पालथं घातलं. भिवाजी बाजेवरून बघत होते. सोजरानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “बाबा, वही कुणी घेतली?” त्यांनी डोळे मिटून घेतले.

हरिचंदची नजर अंगणातल्या पत्र्याच्या टोपल्याकडं गेली. टोपल्यात भिजलेला कागद होता आणि मिरा उखळापाशी बसून कांडत होती. तिची दोन वर्षांची लेक तिच्या पाठीला बिलगलेली होती.

“बाबांचं अंथरूण कोण बदलतं?” त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती. भिवाजींची ओली गोधडी काढणं, त्यांना पुसणं, कपडे बदलणं, सगळं मिराच करी. कमलबाईची कंबर आता वाकत नव्हती.

“म्या बदलते,” मिरा म्हणाली. मुसळ तिनं खाली ठेवलं होतं.

“मग वही?”

मिरानं पाठीवरच्या लेकीला पुढं घेतलं.

आणि हरिचंदच्या आधी सोजराच बोलून गेली. “रद्दी म्हणून टाकली असशील टोपल्यात. तुला काय समजतंय तिच्यातलं! तुला रंगवायला टोपली झाली म्हंजी बस.”

“म्या न्हाई टाकली, आक्का.”

“मग कुणी टाकली? पाय फुटले तिला?”

मिरानं एकदा सासूकडं पाहिलं. कमलबाई घागरीवर लगदा थापत होती. तिचा हात चालतच होता. मिरानं नजर परत उखळात घातली. “म्या टाकली न्हाई, येवढंच सांगते.”

हरिचंद तसा तापट नव्हता. शाळेत पोरांना छडी मारताना त्याचाच जीव वर-खाली व्हायचा. पण बापाची ती वही त्याच्या लेखी साधी वही नव्हती. तिच्यातली अक्षरं गिरवून तो लिहायला शिकला होता, मास्तर झाला होता. त्यानं टोपल्यातला कागद दोन्ही हातांनी उपसला. ओल्या, निळसर, पोरांच्या अक्षरांच्या चिंध्या हाताला लागत होत्या. त्यांतलं काय कुणाचं, हे सांगायला आता ब्रह्मदेव आला असता तरी जमलं नसतं.

“अख्खं आयुष्य गेलं त्या माणसाचं या वहीत,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता. “तोंड तर गेलंच होतं, आता हातचं लिहिलेलंही गेलं. काहून केलंस, तेवढं तरी बोल.”

मिरा बोलेना.

“बोलायचं नसेल तर या घरात तरी काहून राहतीस? जा. भावाकडं जाऊन बस. मी बोलावीन तेव्हा ये, न्हाई बोलावलं तर येऊ नको.”

‘जाऊ दे हरिचंद, एवढं नको,’ असं म्हणायला सोजराला एक क्षण मिळाला होता. तिनं तो जाऊ दिला. पुढं कितीतरी दिवस तिला तोच क्षण आठवत राहिला.

मिरानं हात धुतले. भिवाजींची बाज सावलीला ओढून घेतली, तांब्या त्यांच्या डाव्या हाताला लागेल असा ठेवला. मग दोन लुगडी पिशवीत भरली, लेकीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि पायरी उतरून निघाली. तिचा भाऊ सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरायच्या कामावर होता. हिंगोलीवरून गाडी बदलून जायचं, म्हणजे पोचायला संध्याकाळ. हरिचंद चप्पल पायात घालून शाळेकडं गेला. शाळेला सुट्टी होती, पण घरात त्याला थांबवेना.

अंगणात मायलेकी उरल्या. वही त्या लगद्यात गेली असली तरी आता निराळी निघणार नव्हती; सोजरानं पदर खोचला आणि उखळापाशी मिराच्या जागी बसली. मुसळाचा आवाज आणि पलीकडच्या वस्तीत कुणाच्या तरी रेडिओवर चाललेल्या बातम्या. उखळातला लगदा संपला तसा सोजरानं टोपल्यातला आणखी घेतला. मग तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. कालपासून वाळत घातलेल्या तीन टोपल्यांपैकी दोन मळकट पांढऱ्या होत्या. तिसरी लहान होती, तांब्यावर थापल्यासारखी, आणि तिचा रंग जांभळट होता. वाळून फिका झालेला, तरी जांभळाच.

शाळेतली पोरं निळ्या शाईनं लिहितात. सोजरा उठून त्या टोपलीजवळ गेली. हात लावला नाही. मागं वळून आईकडं पाहिलं.

“माय.”

कमलबाई थापत होती.

“माय, ही टोपली कुणी केली?”

“म्याच.”

“कशाची?”

कमलबाईनं हात पाण्यात बुडवले, एकेक बोट चोळून लगदा काढला. “कशाची ते पाहून राहिलीस ना,” ती म्हणाली. “आल्या दिवशी तू पुस्तकाचं बोललीस. त्याच राती वेगळ्या गाडग्यात भिजवली. पानं जाड व्हती, गळायला वेळ लागला.”

सोजरा तिथंच भिंतीला टेकून बसली. “आणि मिराला जाऊ दिलंस? तुझ्या डोळ्यादेखत गेली ना ती!”

“तिला उगीच धाडलं. मला कळतंय.”

“मग तोंड काहून उघडलं न्हाई?”

“उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. पंचवीस साल दाबून धरलंय. सवय लागलीय आता.” मग थोडं थांबून तिनं विचारलं, “बेबी आठवती का तुला?”

सोजराला आठवत होती. धूसर, एक लहानशी, मोठ्या डोळ्यांची पोरगी, तिच्या पाठची. सोजरा सहा वर्षांची असेल आणि बेबी तीनची. असाच वैशाख होता. बेबीला ताप भरला, जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. बाबा तेव्हा जलसा घेऊन नांदेडकडं गेले होते. ते परतले तोवर माती होऊन चार दिवस झाले होते. हरिचंदचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा.

“आठवती,” ती म्हणाली.

“आन् ते गाणं?”

ते कुणाला आठवत नव्हतं! भिवाजींच्या गाण्यांतलं सगळ्यांत गाजलेलं तेच. जलशाच्या शेवटी ते उभं राहून म्हणायचे, आणि बाया पदर तोंडात कोंबून रडायच्या:

पाणी पाणी करीत निजली बेबी माझी लाडाची,
सांगा लोकहो, कोणाची हो धार त्या गावच्या आडाची?

गावच्या आडावर पाणी भरू दिलं नाही म्हणून लेकरू तहानेनं गेलं, अशी त्या गाण्याची कथा. ते ऐकून एका गावात लोकांनी उठून आपला आड सगळ्यांना मोकळा केला होता. ही गोष्ट सोजरानं लहानपणापासून अभिमानानं ऐकली होती आणि आपल्या पोरांनाही सांगितली होती.

“घरात पाणी व्हतं, सोजरा,” कमलबाई म्हणाली. “घागर काठोकाठ भरलेली व्हती. आडावर घेत न्हाईत हे खरं. पण म्या नदीतला झिरा उपसून पाणी आणत व्हते, रोज. तीन दिवस चमच्या-चमच्यानं पाजलं तिला. पोटात ठरतच नव्हतं. माझ्या हातानं पाणी पितापिता गेली ती. आन् यांनी गावोगाव सांगितलं, लेकरू पाण्यावाचून मेलं.”

“बाबांनी लोकांसाठी लिहिलं ते, माय.”

“व्हय. लोकांचं भलं झालं, ते बी ठाऊक हाये मला. म्हणून तर तोंड उघडलं न्हाई. पण जिथं जाईन तिथं बाया मला विचारायच्या, का वो बाई, घोटभर पाणी भेटलं न्हाई का लेकराला? काय सांगू? माझा नवरा खोटं गातो, असं सांगू? मान खाली घालून ‘न्हाई भेटलं’ म्हणायचे. माझ्याच तोंडानं, सोजरा. किती बारी म्हणलं, त्याची गिनती न्हाई.” तिनं बाजेकडं मान वळवली. भिवाजी डोळे मिटून होते. झोपले होते का नव्हते, सांगता येत नव्हतं. “यांचा आवाज गेला तवा मला वाटलं, सुटले. मग तू आलीस, आन् म्हणलीस छापायचं. छापलं म्हंजी मी मेल्यावर बी तेच राहील.”

“बाबांना माहीत आहे?”

“त्यांच्या उशाखालून काढली. जागेच व्हते. डावा हात उचलला. मग ठेवला खाली.”

सोजरा उठली. डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात एस.टी. स्टँडच्या दिशेनं निघाली. स्टँड म्हणजे सडकेच्या कडेचा एक लिंब आणि चहाच्या हॉटेलाचं पत्र्याचं छप्पर. एकची गाडी अजून आली नव्हती. मिरा छपराखाली बाकड्यावर बसली होती, लेक मांडीवर झोपलेली. सोजराला येताना पाहून ती उठली नाही.

“मिरा, घरी चल,” धापा टाकत सोजरा म्हणाली. “मायनं सांगितलं मला. चूक झाली माझी.”

“मला ठाऊक व्हतं, आक्का.”

“काय ठाऊक होतं?”

“आत्याबाईंनी वही भिजवली ते. दुसऱ्या दिवशी गाडगं उचललं तर पाणी जांभळं. म्या हात घालून काढायला गेले. म्हणलं, अर्धी पानं तरी वाचतील. तर मामाजी बाजेवरून अं अं करायला लागले. म्या जवळ गेले. त्यांनी माझं मनगट धरलं, असं घट्ट, आन् मान हालवली. नको म्हणून. डोळ्याला धार लागली व्हती त्यांच्या.” तिनं लेकीच्या तोंडावरची माशी उडवली. “का ते मला समजलं न्हाई. पण दोघांचं त्यांच्यातलं काही तरी व्हतं. मी मधी कोण बोलणार? गाडगं झाकून ठेवलं.”

या पोरीला सोजरा सकाळी ‘तुला काय समजतंय’ म्हणाली होती.

“मग हरिचंदला सांगायचं ना! एवढं ऐकून घेतलंस.”

“त्यांना सांगितलं असतं तर ते आत्याबाईंवर गेले असते. आई हाये त्यांची. माझ्यावरचा राग उतरंल कवा तरी.” दुरून गाडीचा धुरळा दिसला. मिरानं पिशवी खांद्याला लावली. “तुमच्यासंगं न्हाई येत मी. तुमी बोललात त्याचं मला फारसं काही न्हाई, नणंदा बोलतातच. ज्यानं ‘जा’ म्हणलं त्यानं यावं. आन् मामाजींना दुपारची पेज पातळ करून द्या, घट्ट झाली की ठसका लागतो.”

गाडी थांबली, ती चढली. तिनं खिडकीतून मागं वळून पाहिलं नाही.

हरिचंद चारच्या सुमाराला घरी आला. सोजरानं त्याला पायरीवरच बसवलं आणि आईसमोर, बापासमोर सगळं सांगितलं. कमलबाईनं ‘नको’ म्हटलं नाही. तिनं फक्त भिंतीशी असलेली जांभळी टोपली उचलून मांडीवर घेतली, जणू कुणी ती हिसकावून घेणार होतं.

हरिचंद ऐकत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, “बेबी खरी होती?”

सोजरानं होकाराची मान हलवली.

“मला वाटायचं, गाण्यातलं नाव आहे. रचलेलं. मला कुणी कधी सांगितलंच न्हाई.” तो आईकडं बघत होता. “आठ वर्षांचा होतो तेव्हापासून मी त्या गाण्याला मागं सूर धरायचो, माय. ‘पाणी पाणी’ मीच म्हणायचो. बाबा म्हणायचे, पोराचा आवाज कोवळा हाये, लोकांच्या काळजाला लागतो.”

“लागायचाच,” कमलबाई म्हणाली. “तू म्हणायला लागलास की मी घागर घेऊन निघायचे. तालीम घरातच चालायची ना तुमची. दिवसातून चार-चार बारी पाण्याला जायचे. तू एकदा विचारलं बी व्हतंस, माय, घरात येवढं पाणी असून परत काहून जातीस?”

हरिचंदनं दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला. बाजेवरून भिवाजींचा आवाज आला. तोच अर्धवट, घशातला. कमलबाई उठली. वाकता येत नव्हतं तरी बाजेची कड धरून त्यांच्याजवळ खाली बसली. सोजरानं तिला मिराचं बोलणं सांगितलं: मनगट कसं धरलं, मान कशी हलवली. कमलबाईनं ते ऐकलं. नवऱ्याकडं बघत राहिली बराच वेळ. तिच्या तोंडावर राग नव्हता, माया होती असंही म्हणता आलं नसतं.

“तोंड होतं तवा हालवली असती मान,” एवढंच ती म्हणाली, आणि पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

हरिचंदनं तोंडावर पाणी मारलं, डोक्याला उपरणं बांधलं. “शेवटच्या गाडीनं जातो सिद्धेश्वरला. ती येईल का न्हाई, सांगता येत न्हाई.”

“तिच्या भावासमोर बोल,” सोजरा म्हणाली. “एकटीला गाठून बोलू नको.”

तो गेला. ऊन उतरलं तरी भिंती तापलेल्याच होत्या. सोजरानं पेज पातळ करून बापाला चमच्यानं भरवली. निम्मी बाहेर आली. मिराच्या हातून येत नव्हती. मग ती उंबऱ्यात येऊन बसली. रामजीला काय सांगायचं याचा तिला घोर लागला होता. वही नाही म्हटलं तर तो म्हणेल, तुला तर सगळी गाणी पाठ आहेत. आणि ते खरं होतं. चाळीसच्या चाळीस गाणी तिला तोंडपाठ होती.

तिच्या मनातलं आईला कळलं असावं. कमलबाई शेजारी येऊन टेकली.

“तुला येतात ना सगळी?”

“येतात.”

“लिहून दे मग. त्या माणसाची मेहनत हाये. वाया कशाला घालायची.”

“ते एक सोडून लिहिते, माय.”

मांडवाच्या तुराट्यांतून उरलेला उजेड कमलबाईच्या हातांवर पडला होता. मग, काहीतरी उसनं मागावं अशा हलक्या आवाजात तिनं विचारलं, “ते बी लिव्ह. पण घरात घागर भरलेली व्हती, असं त्यात येईल का?”

“आणते,” सोजरा म्हणाली.

तिनं हरिचंदच्या टेबलावरची कोरी वही घेतली, शिसपेन्सिल घेतली. पहिली ओळ लिहिली. दुसरी खोडून नव्यानं लिहिली. ओठातल्या ओठात चालीवर म्हणून पाहिली. घागर पुढं घेतली, मागं घेतली, मायला आणलं, चमचा आणला. आई शेजारी बसून वाट पाहत होती. दिवेलागण झाली तरी सोजरा लिहीत होती आणि खोडत होती, आणि काही केल्या ती ओळ त्या चालीत बसत नव्हती.